शोरूमचं कोटिंग आणि डबीतलं वॅक्स

नव्या गाडीच्या कोटेशनमध्ये एक्स-शोरूम किंमत, आरटीओ, इन्शुरन्स, फास्टॅग अशा ओळी वाचून होतात आणि मग खाली ॲक्सेसरीजच्या रकान्यात 'पेंट प्रोटेक्शन' दिसतं. कुठे त्याला टेफ्लॉन म्हणतात, कुठे नॅनो, कुठे सिरॅमिक. आकडा चार-पाच हजारांपासून तीस हजारांच्या पुढे कुठेही असू शकतो. "सर, एकदा मारून घ्या, तीन वर्षं पॉलिशकडे बघायला नको. स्क्रॅच येणार नाही, गंज धरणार नाही, रंग उडणार नाही." दहा-बारा लाखांच्या व्यवहारात पाच हजारांवर कोण घासाघीस करतो? आपण मान डोलावतो.

गोची अशी की 'कोटिंग' या एका नावाखाली दोन वेगळ्या जातींचा माल विकला जातो. एक रंगावर नुसता बसतो, दुसरा रंगाला धरून कडक होतो. पहिल्या जातीचा माल ॲक्सेसरीजच्या दुकानात वॅक्स म्हणून डबीत मिळतो, काही शे रुपयांत. शोरूममध्ये मात्र बऱ्याचदा भाव दुसऱ्याचा लावतात आणि गाडीवर पहिला मारतात.

आधी ज्याला जपायचं तो रंग बघू. कारखान्यात पत्र्याची बॉडी रसायनाच्या टाकीत बुडवून, वीज सोडून, तिच्यावर गंजरोधक थर चढवतात. त्याला ई-कोट म्हणतात. त्यावर प्रायमर, त्यावर आपण पसंत केलेला रंग म्हणजे बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. भट्टीतून भाजून निघालेले हे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे डोक्यावरच्या केसापेक्षा पातळ. चकाकी याचीच आणि उन्हातले अतिनील किरण अडवणारी द्रव्यंही यातच मिसळलेली असतात. म्हणजे रंग उडू नये याची मुख्य सोय गाडी शोरूमला यायच्या आधीच झालेली असते.

जुन्या गाड्यांचं तसं नव्हतं. तेव्हाच्या बऱ्याच साध्या रंगांच्या गाड्यांवर क्लिअर कोट नसायचा. लाल गाडी काही वर्षांत गुलाबी पडायची. हात फिरवला तर बोटांना भुकटी लागायची. रबिंग करताना कापड लालभडक व्हायचं, मेलेला वरचा थर निघून जायचा आणि खालचा ताजा रंग उघडा पडायचा. मग वॅक्स. गाडी पुन्हा नवी. 'दर सहा महिन्यांनी रबिंग-पॉलिश करावं' हा घरातल्या थोरांचा सल्ला त्या काळातला आहे आणि त्या काळापुरता तो बरोबरही होता. आज रबिंग कंपाउंड फिरवलं की निघतो तो क्लिअर कोट, आणि तो परत येत नाही. पॉलिश घासून थर काढतं, वॅक्स वर थर चढवतं. गॅरेजमध्ये दोन्हीला 'पॉलिश' म्हणतात, त्यामुळे गिऱ्हाइकाला आपण नेमकं काय करून घेतलं तेच कळत नाही.

आता वॅक्स. चांगल्या वॅक्सच्या डबीवर कार्नोबा हे नाव दिसतं. ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवर साचणारं हे मेण ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळतं. डबीत ते शुद्ध नसतं. पसरवता यावं म्हणून तेलं आणि द्रावकं मिसळलेली असतात, त्यामुळे ते आधीच मऊ असतं. मे महिन्यात जळगावला किंवा चंद्रपूरला उन्हात उभ्या केलेल्या काळ्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून बघा, किंवा नकाच ठेवू. तिथे मेणाचा थर किती टिकणार? त्यात दर आठवड्याचा शाम्पू. एरवीही वॅक्स दीड-दोन महिने निभावतं, फार तर तीन. सिंथेटिक पॉलिमरचं असेल तर चार-सहा महिने. पण चकाकी झकास येते, लावायला रविवारची सकाळ पुरते आणि बिघडण्यासारखं फारसं काही नसतं.

सिरॅमिक कोटिंग हे वेगळं प्रकरण. काचेच्या छोट्या बाटलीत ३० ते ५० मिली द्रव येतो आणि तेवढ्यात अख्खी गाडी होते. त्यातली सिलिकॉनची संयुगं हवेतल्या ओलाव्याने एकमेकांत गुंफली जातात आणि क्लिअर कोटला धरून कडक, काचेसारखा थर तयार होतो. जाडी एक-दोन मायक्रॉन, कधी त्याहूनही कमी. शाम्पूने तो जात नाही. काढायचा तर मशीन लावून घासावा लागतो. नीट सांभाळला तर दोन-तीन वर्षं काम देतो. धूळ कमी धरून बसते, पक्ष्यांच्या विष्ठेतलं आम्ल रंगापर्यंत पोचायला थोडा जास्त वेळ घेतं, गाडी धुवायला सोपी जाते. एवढंच. पण हे एवढं खरं आहे.

मग टेफ्लॉन यातल्या कुठल्या बाजूला? नाव भारदस्त आहे, पण ते आहे वॅक्सच्या बाजूला. १९३८ मध्ये ड्युपॉन्टच्या रॉय प्लंकेट यांना अपघातानेच सापडलेला हा पदार्थ, पीटीएफई, त्याची ख्याती एकाच गुणासाठी: त्याला काही चिकटत नाही. आणि तोही सहजासहजी कशाला चिकटत नाही. नॉनस्टिक तव्यावर तो बसवायचा तर पत्रा खरखरीत करून, खाली वेगळा थर देऊन, साडेतीनशे अंशांच्या वर भाजावा लागतो. कारण तो वितळतोच ३२७ अंशांना. तुमच्या गाडीला एवढी आच दिली तर रंग तर जळेलच, टायर आणि डॅशबोर्डही हाती लागणार नाहीत. सर्व्हिस सेंटरच्या वॉशिंग रॅम्पवर स्पंजने जे फासतात त्यात पीटीएफईची भुकटी असलीच तरी तिला धरून ठेवणारं असतं ते नेहमीचंच वॅक्स किंवा पॉलिमर. ते उतरलं की भुकटीही उतरते. चार-सहा महिने टिकणाऱ्या सिंथेटिक वॅक्सचे पैसे द्यायला माझी हरकत नाही. त्याला तीन वर्षांचं प्रमाणपत्र जोडण्याला आहे.

काय मारलं हे नावावरून कळत नाही, पण वेळेवरून कळतं. खरं सिरॅमिक लावायचं तर गाडी आधी धुवायची, मग क्ले बार नावाचा मातीच्या वडीसारखा चिकट गोळा ओल्या रंगावर फिरवून रुतलेली धूळ आणि लोखंडाचे कण उचलायचे. मग दिव्याच्या झोतात प्रत्येक पॅनल बघायचं. गाडी नवी असली तरी यार्डात महिनाभर धुळीत उभी राहिलेली असते आणि कुणीतरी कोरड्या फडक्याने पुसलेली असते. त्यामुळे झोत टाकला की कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल चरे उमटतात. ते मशीन पॉलिशने काढायचे, कारण नाही काढले तर ते कोटिंगखाली तसेच बंद होतात. मग अल्कोहोलने तेलकटपणा पुसायचा. त्यानंतर बाटलीतले चार थेंब ॲप्लिकेटरच्या कापडावर घेऊन दोन फूट बाय दोन फुटांचा भाग, आधी आडवा हात, मग उभा. मिनिटभरात रंगावर इंद्रधनुष्यासारखी झाक येते, तेव्हाच मायक्रोफायबरने सपाट पुसायचं. उशीर झाला तर डाग कडक होऊन बसतो. हे सगळं बंद, धूळ नसलेल्या जागेत. पुढे निदान एक दिवस पाणी नाही आणि आठवडाभर शाम्पू नाही.

यात एक ते तीन दिवस जातात आणि पैसे बाटलीपेक्षा या मजुरीचेच असतात. तेव्हा "सकाळी गाडी सोडा, दुपारी घेऊन जा" असं कुणी म्हणालं की काय मारणार ते समजून जावं. शोरूममध्ये चांगलं काम होतच नाही असं नाही. काही ठिकाणी बाहेरचा चांगला डिटेलिंगवाला (गाडीच्या रंगाची सफाई-पॉलिश करणारा कारागीर) नेमलेला असतो आणि तो जीव ओतून काम करतो. म्हणून विचारायचे प्रश्न साधे: उत्पादनाचं नाव काय, सीलबंद बाटली माझ्यासमोर फोडाल का, आधी मशीन पॉलिश करणार का, गाडी किती दिवस ठेवणार?

आता शोरूममधले प्रयोग. बॉनेटवर पाणी ओततात, मोत्यासारखे थेंब गोळा होऊन घरंगळतात, गिऱ्हाईक खूश. पण ताज्या वॅक्सवरही तस्सेच थेंब होतात. थेंब दाखवतो तो फक्त पृष्ठभाग पाणी झटकतो हे; थर किती जाड, किती टिकाऊ, हे त्याला माहीत नसतं. क्षणभर लायटरची ज्योत फिरवून दाखवतात; ती नुसत्या क्लिअर कोटलाही सहन होते. फरक बघायचा असेल तर सहा-सात महिन्यांनी दोन-तीन वेळा चांगल्या शाम्पूने गाडी धुवा आणि मग थेंब बघा. वॅक्स असेल तर तोवर पाणी पसरायला लागलेलं असतं.

'९एच' या शिक्क्याची गंमत तर स्वतंत्र आहे. ऐकणाऱ्याला वाटतं हिऱ्याच्या खालोखाल कडक, कारण शाळेत शिकलेल्या मोहसच्या कठिणतेच्या श्रेणीत हिरा १० वर असतो. पण हा एच पेन्सिलचा. एचबी, २एच अशा ड्रॉइंगच्या पेन्सिली असतात ना, त्यातली ९एच ठराविक कोनात आणि दाबाने थरावर ओढतात; ओरखडा उठला नाही तर थर पास. म्हणजे ९एच कोटिंग पेन्सिलीच्या शिशाला पुरून उरतं. आपल्या रस्त्यावरची धूळ मात्र शिशाची नसते, त्यात गारगोटीची बारीक वाळू असते, आणि खाली मऊ क्लिअर कोट असताना वरचा एक मायक्रॉन तिला किती अडवणार?

म्हणून 'स्क्रॅच येणार नाही' हे वाक्य वॅक्सबाबतही खोटं आणि सिरॅमिकबाबतही. किल्लीचा ओरखडा, दुचाकीच्या हँडलची घासट, घाटात डंपरच्या चाकाखालून उडालेली खडी यांना अडवायचं तर पीपीएफ, म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्म लागते. ती वेगळीच वस्तू: १५० ते २०० मायक्रॉनची पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म, म्हणजे कोटिंगच्या शंभरपट जाड. पूर्ण गाडीला लाखाच्या घरात जाते. नुसतं बॉनेट आणि पुढचा बंपर केला तरी हायवेवर फिरणाऱ्याला पुष्कळ.

गंजाचं सांगणं तर त्याहून पोकळ. रत्नागिरी-मालवणच्या खाऱ्या हवेत गाडी गंजते ती खालून, दारांच्या तळातून, चाकांवरच्या कमानींतून आणि खडी लागून रंग उडालेल्या टिकलीएवढ्या जागेतून. चकचकीत क्लिअर कोटवर काय फासलं याचा त्याच्याशी संबंध नाही. गाडीखालचं अंडरबॉडी कोटिंग हा वेगळा विषय, त्याचा विचार वेगळा करावा.

खरा शत्रू रोज सकाळी सोसायटीत येतो. एक बादली, एक फडकं, दहा-बारा गाड्या. पाचव्या गाडीपर्यंत बादलीतलं पाणी चहाच्या रंगाचं झालेलं असतं आणि फडक्यात शेजारच्यांच्या गाडीची वाळू. तोच फडका तीस हजारांच्या सिरॅमिकवर गोल-गोल फिरतो. त्या बिचाऱ्या गाडी पुसणाऱ्याला महिन्याला जे मिळतं त्यात तो दोन बादल्या कुठून आणणार? मी तर म्हणेन, कोटिंगचं बजेट ठरवण्याआधी त्याला स्वतःचे दोन मायक्रोफायबर द्या आणि धुळीची गाडी कोरडी पुसू नको म्हणून सांगा. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर उन्हात गाडी धुऊ देऊ नका. क्षारांचे पांढरे डाग कोटिंगवरही बसतात, आणि मग ते काढायला पुन्हा घासणं आलं.

माझं मत विचाराल तर गाडी रोज रस्त्यावर, झाडाखाली उभी राहत असेल आणि पाच वर्षांत विकायची असेल, तर चांगलं सिंथेटिक वॅक्स दर चार महिन्यांनी स्वतः लावावं. झाकलेलं पार्किंग आहे, रंग गडद आहे, गाडी हौसेने ठेवायची आहे, तर सिरॅमिक जरूर करावं, पण डिलिव्हरी घेऊन, बाहेर दोन-तीन ठिकाणी चौकशी करून. शोरूमचं टेफ्लॉन यात कुठेच बसत नाही.

"हे पॅकेजमध्येच आहे, काढता येणार नाही" असं ऐकवलं तर ते लेखी मागा. बहुतेक वेळा ओळ आपोआप गळते. नाहीच गळली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. कोटिंग केलंच असेल तर वॉरंटी कार्डाची मागची बाजू वाचा. दर सहा महिन्यांनी त्यांच्याकडेच पैसे देऊन 'मेंटेनन्स' करून घ्यायची अट तिथे बारीक अक्षरात असू शकते. त्या फेरीला नवा थर मारला जात असेल, तर तीन वर्षं टिकतं ते तुमच्याच पैशांवर.

आणि पुढे कधी डेंटिंग-पेंटिंग झालं तर त्या पॅनलवरचं कोटिंग गेलं असं धरा. गॅरेजमधला रंग कारखान्यासारखा कडक भाजलेला नसतो, त्यातली द्रावकं हळूहळू बाहेर पडत असतात. महिनाभर तरी त्यावर वॅक्सही नको आणि सिरॅमिकही नको, मग बिल बनवणारा काहीही म्हणो.