बिघाडाच्या आधीचे काम : सिलिकॉन ग्राफिक्सच्या जुन्या वर्कस्टेशनच्या देखभालीची पार्श्वभूमी

१९९३ साली बाजारात आलेले सिलिकॉन ग्राफिक्स या अमेरिकी संगणक कंपनीचे ‘इंडी’ हे वर्कस्टेशन, म्हणजे व्यावसायिक कामासाठीचा शक्तिशाली संगणक, अनेक वर्षे कपाटात ठेवून आज सुरू केले, तर पुष्कळदा असे आढळते की पडद्यावर चित्र येते, डिस्कचा आवाजही येतो, परंतु यंत्राला तारीख ठाऊक नसते आणि स्वतःचा नेटवर्क पत्ताही आठवत नसतो. कोणी ते आपटलेले नसते, त्यात पाणी गेलेले नसते, वापराने काही झिजलेलेही नसते. ते नुसते ठेवलेले असते. प्रतिबंधक देखभालीची जुनी कल्पना वापरातून होणाऱ्या झिजेवर उभी होती, आणि या यंत्रांच्या बाबतीत ती अपुरी का पडते हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

संगणकाचे चित्र काढणे आणि संगणकाची प्रतिबंधक देखभाल या दोन्ही गोष्टींचा उगम बऱ्याच अंशी एकाच यंत्रात सापडतो. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जे फॉरेस्टर यांच्या नेतृत्वाखाली उभा राहिलेला आणि १९५१ मध्ये कार्यान्वित झालेला ‘व्हर्लविंड’ हा संगणक कॅथोड किरण नळीच्या पडद्यावर उत्तरे दाखवत असे. त्यात सुमारे पाच हजार निर्वात नळ्या होत्या. एवढ्या नळ्यांपैकी कोणती ना कोणती सतत निकामी होणार, हे उघड होते. त्यावर तेथील अभियंत्यांनी काढलेला उपाय मला आजही विलक्षण वाटतो. नळी जळण्याची वाट न पाहता ठरलेल्या वेळी मंडलांचे व्होल्टेज मुद्दाम कमी-जास्त करायचे, म्हणजे कमकुवत झालेली नळी त्या ताणाखाली चूक करून स्वतःच उघडी पडते. ती लगेच बदलायची आणि यंत्र पुन्हा कामाला लावायचे. या पद्धतीला त्यांनी ‘सीमावर्ती तपासणी’ अशा अर्थाचे नाव दिले होते. त्याच संशोधनात नळ्या लवकर का मरतात याचाही शोध घेतला गेला, आणि कॅथोडच्या निकेलमधील सिलिकॉनचा अंश हे एक कारण निघाल्यावर तो काढून टाकून नळ्यांचे आयुष्य कित्येक पटींनी वाढवता आले. म्हणजे दोष हुडकण्याची रीत आणि दोषाचे रसायन, ही दोन्ही अंगे तेव्हापासूनच बरोबर होती.

हीच रीत पुढे अमेरिकी हवाई संरक्षणाच्या ‘सेज’ यंत्रणेत गेली. तेथे प्रत्येक केंद्रावर दोन संगणक असत. एक कामावर आणि दुसरा राखीव, म्हणजेच तपासणीसाठी मोकळा. या यंत्रणेतील चालक पडद्यावरील ठिपक्यांवर प्रकाश-बंदूक रोखून काम करीत. एमआयटीच्याच लिंकन प्रयोगशाळेतील टीएक्स-२ या संगणकावर आयव्हन सदरलँड यांनी केलेले ‘स्केचपॅड’, म्हणजे पडद्यावर प्रकाश-लेखणीने चित्र काढू देणारा कार्यक्रम, १९६३ चे. सदरलँड यांनी डेव्हिड इव्हान्स यांच्यासह १९६८ मध्ये युटा येथे ग्राफिक्सची कंपनी काढली, आणि युटा विद्यापीठातून १९७४ मध्ये डॉक्टरेट मिळवलेले जिम क्लार्क पुढे स्टॅनफर्डमध्ये गेले. तेथे त्यांनी त्रिमितीय भूमितीची गणिते थेट चिपमध्ये करणारे ‘जॉमेट्री इंजिन’ घडवले आणि त्यातूनच सिलिकॉन ग्राफिक्स उभी राहिली.

१९८० च्या दशकात या कंपनीची यंत्रे महाग होती आणि ती घेणारे लोक विमाने, मोटारी, औषधे किंवा चित्रपट यांच्या कामात गुंतलेले होते. यंत्र एक दिवस बंद पडणे त्यांना परवडत नसे, म्हणून यंत्राबरोबर देखभालीचा करारही घेतला जाई. आपल्याकडे ‘वार्षिक देखभाल करार’ म्हणतात तसाच हा प्रकार. अभियंता येई, दोष कोणत्या भागात आहे ते ठरवी, तो भाग अख्खा बदलून टाकी आणि जुना परत घेऊन जाई. यंत्रांची रचनाही त्यासाठीच केलेली होती. कंपनीच्याच १९९६ च्या ‘ओ-टू’ आणि १९९७ च्या ‘ऑक्टेन’ या वर्कस्टेशनांमध्ये प्रोसेसर, डिस्क आणि इतर भाग वेगवेगळे काढता येतात, आणि मालकाला मिळणाऱ्या पुस्तिकेत ते कसे काढावेत हे चित्रांसह सांगितलेले असते. भागाच्या आत कोणता कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा छोटा घटक) कोठे आहे, हे मात्र नसते. इतकेच नव्हे, तर यंत्र सुरू होताना थांबवले की पडद्यावर येणाऱ्या यादीचे नावच ‘सिस्टिम मेन्टेनन्स मेन्यू’ असे होते, आणि त्यात चाचण्या चालवण्याची सोय होती. त्या काळी देखभाल म्हणजे कोणीतरी येऊन करण्याचे काम होते, आणि ते नीट होत असे.

ती व्यवस्था टप्प्याटप्प्याने संपली. ही यंत्रे ज्यावर चालत त्या मिप्स जातीच्या प्रोसेसरवरील यंत्रांची निर्मिती २००६ अखेर थांबली, त्याच वर्षी कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून गेली, २००९ मध्ये तिची मालमत्ता रॅकेबल सिस्टिम्स या दुसऱ्या संगणक कंपनीने विकत घेतली, आणि या यंत्रांवरील आयरिक्स या कार्यप्रणालीचा अधिकृत आधार २०१३ मध्ये संपुष्टात आला. तेव्हापासून अख्खा भाग बदलून देणारा कोणी उरला नाही. देखभाल मालकाकडे आली आणि तिचा रोख भागांवरून घटकांकडे वळला.

या घटकांत सर्वांत आधी लक्ष द्यावे लागते ते घड्याळाच्या चिपकडे. इंडीमध्ये डॅलस सेमीकंडक्टरची डीएस१३८६ ही चिप आहे. घड्याळ, थोडी स्मृती आणि लिथियमचा छोटा सेल हे सारे तिच्यात एकत्र करून इपॉक्सीत कायमचे बंद केलेले असते. वीजपुरवठा नसताना माहिती दहा वर्षे टिकावी, या हिशेबाने ती बनवली होती. यंत्र चालू असते तेव्हा भार बाहेरच्या विजेवर असतो आणि बंद असते तेव्हा तो सेलवर येतो, त्यामुळे रोज वापरातल्या यंत्रापेक्षा जपून ठेवलेल्या यंत्राचाच सेल अधिक खर्च होतो. सेल संपला की तारखेबरोबर यंत्र सुरू होताना लागणाऱ्या सगळ्या सेटिंग्ज जातात, आणि इंडीच्या बाबतीत इथरनेटचा, म्हणजे नेटवर्कवरील यंत्राच्या ओळखीचा, पत्ताही जातो. त्या काळातील सॉफ्टवेअरचे परवाने बहुधा यंत्राच्या ओळख-क्रमांकाशी बांधलेले असल्यामुळे ही हानी नुसत्या गैरसोयीची नसते. सन या दुसऱ्या कंपनीच्या स्पार्कस्टेशन या वर्कस्टेशनमध्येही अशाच प्रकारच्या चिपमुळे हीच अडचण येते. म्हणून यंत्र जिवंत असतानाच कमांड मॉनिटरमध्ये (कार्यप्रणालीच्या आधी थेट यंत्राला आज्ञा देण्याच्या सोयीत) जाऊन ‘प्रिंटएन्व्ह’ (साठवलेल्या सेटिंग्ज) आणि ‘हिन्व्ह’ (यंत्रातील भागांची यादी) या आज्ञांचे उत्तर कागदावर उतरवून ठेवणे, ही मी देखभालीची पहिली पायरी मानतो, झाडलोट त्यानंतर. चिपसाठी दोन मार्ग रूढ आहेत. एक म्हणजे इपॉक्सी जपून कोरून आतील सेलचे टोक तोडायचे आणि बाहेर सीआर२०३२ या साध्या नाणे-सेलची बैठक जोडायची. दुसरा म्हणजे छंदिष्टांनी बनवलेली, सेल बदलता येणारी पर्यायी पट्टी बसवायची.

पॉवर सप्लायची गोष्ट वेगळी आहे, कारण तेथे उष्णता आणि वय दोन्ही एकत्र काम करतात. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधील द्रव वर्षांनुवर्षांत आटतो किंवा गळतो आणि गळलेला द्रव सर्किट बोर्डावरील तांबे खातो. पंखा धुळीने जड झाला असेल, तर हे सारे लवकर घडते. म्हणून फार काळ बंद असलेले यंत्र थेट भिंतीच्या सॉकेटला न लावता आधी उघडून पाहावे, पंखा हाताने फिरवून पाहावा. मात्र पॉवर सप्लायच्या आतील मोठे कपॅसिटर वायर काढल्यानंतरही भारित राहू शकतात, याचे भान नवख्याने ठेवलेच पाहिजे.

ऑक्टेनला स्वतःची एक नाजूक जागा आहे. तिचे भाग एकमेकांशी दाबाने जुळणाऱ्या कनेक्टरने जोडलेले असतात आणि त्या कनेक्टरवर सोन्याचा मुलामा दिलेल्या बारीक केसांसारख्या तारांचे पुंजके असतात. त्यांना बोट लावू नये, कापडाने पुसू नये, भाग बाहेर असताना टोपण घालून ठेवावे, असे कंपनीच्या पुस्तिका बजावून सांगत. ‘स्वच्छता’ या सबबीखाली वारंवार भाग काढणे-बसवणे येथे अपायच करते, आणि काहीही न करणे हीसुद्धा काही वेळा प्रतिबंधक देखभाल असते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. ओ-टूच्या बाहेरील प्लॅस्टिकबाबतही तेच: ते इतके ठिसूळ झालेले असते की कवच काढण्याच्या प्रयत्नातच त्याच्या खिट्ट्या मोडतात. पॉलियुरेथेनच्या गाद्या आणि पाय दमट हवेत विरघळल्यासारखे चिकट होतात. कोकणपट्टीसारख्या हवेत यंत्र ठेवणाऱ्याने ते आधीच काढून टाकलेले बरे.

डिस्कबाबत जुनी शिकवण तशीच लागू पडते, फक्त साधने बदलली आहेत. फिरत्या स्कझी डिस्कची (स्कझी ही डिस्क जोडण्याची जुनी पद्धत) संपूर्ण प्रत काढून ठेवायची, आणि रोजच्या कामासाठी मेमरी कार्डावर चालणारा स्कझी पर्याय लावायचा, ही पद्धत आता बरीच रूढ झाली आहे. आयरिक्ससाठी १९९४ मध्ये आलेली एक्सएफएस ही फाइल-प्रणाली पुढे लिनक्स या आजही वापरातल्या कार्यप्रणालीमध्येही गेल्यामुळे अशी प्रत आजच्या संगणकावर उघडून तपासता येते. मूळ डिस्क मात्र फेकू नये. तिच्या सुरुवातीच्या भागात यंत्राच्या चाचण्यांचा कार्यक्रमही असू शकतो, आणि सिस्टिम मेन्टेनन्स मेन्यूमधून चाचण्या चालवायच्या झाल्या, तर तो तेथूनच वाचला जातो.