विद्यापीठातलं अपंग आणि न्यूरोडायव्हर्जंट साहाय्य

विद्यापीठात शिकणाऱ्या आणि नोकरी करणाऱ्या अपंग, तसंच ऑटिझम, एडीएचडी (लक्ष टिकवणं अवघड जाणं), डिस्लेक्सिया (वाचन-लेखनात अडचण) वगैरे असलेल्या, म्हणजे न्यूरोडायव्हर्जंट, माणसांसाठी इमारत, परीक्षा, वाचनसाहित्य आणि कामाची पद्धत यात जे बदल करतात, त्या सगळ्याला मिळून हे नाव. ही मेहेरबानी नाही, हक्क आहे.

'न्यूरोडायव्हर्सिटी' हा शब्द नेमका कुणाचा यावर वाद आहे. बरीच वर्षं श्रेय ऑस्ट्रेलियाच्या ज्युडी सिंगर यांच्या १९९८च्या प्रबंधाला दिलं जायचं, पण त्याच वर्षी अमेरिकन पत्रकार हार्वी ब्लूम यांनीही तो एका लेखात वापरला, आणि २०२४मध्ये काही अभ्यासकांनी मांडलं की ऑटिस्टिक लोकांच्या ऑनलाइन गप्पांमध्ये ही कल्पना त्याच्याही आधीपासून घोळत होती. हेच मत जास्त पटतं, कारण ती घडवली सगळ्यांनी मिळून. 'न्यूरोडायव्हर्जंट' हा शब्द मात्र साधारण २००० सालच्या आसपासचा, ऑटिस्टिक कार्यकर्त्या कॅसियान असासुमासू यांचा मानतात. पहिला शब्द सगळ्या माणसांच्या मेंदूतल्या वैविध्याबद्दल आहे, दुसरा त्या वैविध्यात प्रचलित चौकटीत न बसणाऱ्यांबद्दल. दोन्हींची सर्रास सरमिसळ होते.

प्रत्यक्ष सोयींची सुरुवात याच्या खूप आधीची. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाचा अपंग विद्यार्थ्यांसाठीचा कार्यक्रम १९४८चा. १९६२मध्ये पोलिओ झालेले एड रॉबर्ट्स कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कलीला शिकायला आले, तर त्यांच्या 'आयर्न लंग' या श्वसनयंत्राचं वजन वसतिगृहाच्या जमिनीला पेलणारं नव्हतं, म्हणून त्यांना आवारातल्या दवाखान्यात राहावं लागलं! पुढे १९७०मध्ये तिथे विद्यार्थ्यांच्याच पुढाकाराने साहाय्य केंद्र उभं राहिलं.

अपंग व्यक्तींच्या हक्कांबद्दलच्या २००६च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात 'वाजवी सोय' म्हणजे गरजेचा आणि योग्य असा बदल, जो संस्थेवर अवाजवी भार टाकत नाही. ती नाकारणं हा भेदभावच. उच्च शिक्षणही त्यात येतं. अडतं ते 'अवाजवी' म्हणजे किती यावर.

सोय म्हटलं की परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक एवढंच डोळ्यासमोर येतं. पण ज्याला हॉलमधल्या ट्यूबलाइटची घरघर सहन होत नाही त्याला अर्धा तास जास्त दिला तर ती घरघर अर्धा तास जास्तच ऐकावी लागते, त्याला हवी वेगळी शांत खोली. तसंच स्कॅन केलेलं पुस्तक. दिसायला पान, पण कम्प्युटरच्या लेखी तो नुसता फोटो, त्यामुळे स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, गप्प बसतो. कम्प्युटरकडून फोटोतली अक्षरं ओळखून घेतली तरी दोन कॉलमच्या पानात तो पहिल्या कॉलमची अर्धी ओळ वाचून थेट दुसऱ्यात उडी मारू शकतो, म्हणून वाचनाचा क्रम कुणीतरी तपासायलाच हवा, आणि तेही सत्र सुरू व्हायच्या आधी.

कर्मचाऱ्यांच्या सोयी साध्या असतात: मुलाखतीचे प्रश्न आधी देणं, मीटिंगचे मुद्दे लेखी देणं, कामाच्या वेळेत लवचिकता. पण मागायच्या तर आधी निदान उघड करावं लागतं, आणि नोकरी कायम झालेली नसली की बरेच जण गप्प राहणंच पसंत करतात.