ग्लायडरचं लायसन्स जगभर चालतं का?

ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. ‘ग्लायडर पायलटचं लायसन्स एकदा काढलं की कुठल्याही देशात उडता येतं,’ असा समज बरीच वर्षं फिरतो आहे. तो अगदीच निराधार नाही. नागरी विमान वाहतुकीच्या 1944 च्या शिकागो करारानुसार सदस्य देश एकमेकांची लायसन्स मानतात. पण त्याच करारातली महत्त्वाची अट निसटते: लायसन्स विमानाची नोंदणी ज्या देशात आहे, त्या देशाचं किंवा त्या देशानं वैध ठरवलेलं हवं.

म्हणून आधी ग्लायडरवरची नोंदणीची अक्षरं बघा. व्हीटी म्हणजे भारत, डी म्हणजे जर्मनी, एन म्हणजे अमेरिका. पुण्यातल्या हडपसरच्या ग्लायडिंग केंद्रात शिकलेल्या पायलटला जर्मनीत डी अक्षराचं ग्लायडर एकट्यानं उडवायचं, तर भारतीय लायसन्सला तिथली मान्यता लागते. अमेरिकेत परदेशी लायसन्सच्या आधारे तिथलं प्रमाणपत्र मिळतं, पण त्याआधी मूळ लायसन्सची पडताळणी होते. आणि हे लक्षात ठेवाच: मूळ लायसन्स रद्द झालं की तेही चालत नाही.

प्रशिक्षकासोबत शिकाऊ म्हणून बसायला सहसा ही अडचण येत नाही. एकट्यानं उडायचं असेल, तर तिकीट काढण्याआधीच त्या देशाच्या विमान वाहतूक खात्याच्या संकेतस्थळावर परदेशी लायसन्सच्या मान्यतेचे आणि वैद्यकीय प्रमाणपत्राचे नियम वाचा.