उठल्यावर अंधारी येते तेव्हा

श्रावणातली उघडीप. परभणीजवळच्या आमच्या रानात आई कापूस खुरपत होती. पात संपली तशी झटकन उठली अन् "अंधारी आली गं" म्हणत काकूच्या खांद्याला धरून उभी राहिली. दोन-तीन श्वासांत पुन्हा ठीक.

माणूस उभा राहिला की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पायांत आणि पोटात उतरतं. मेंदू तर सगळ्यात उंचावर, आणि त्याच्याकडं साठवणीचा हौद नाही. वजन शरीराच्या 2 टक्के, पण हृदयातून निघणाऱ्या रक्तातला 15 ते 20 टक्के वाटा त्याला लागतो. पुरवठा पूर्ण तुटला तर 10 सेकंदांच्या आसपास शुद्ध हरपते.

जबड्याखाली, जिथं मानेतली मोठी रोहिणी दुभंगते, तिथं तिच्या भिंतीत ताण ओळखणारे मज्जातंतू आहेत. दाब उतरला की त्यांचे संदेश विरळ होतात आणि मेंदूच्या देठाला ते लगेच कळतं. देठाचा खालचा भाग म्हणजे शाळेच्या पुस्तकातलं मस्तिष्कपुच्छ. तिथून हुकूम सुटतात: हृदयानं वेग वाढवावा, पाय-पोटातल्या रक्तवाहिन्यांनी आवळून घ्यावं. जायकवाडीच्या कालव्यावर टेलच्या रानाला पाणी पोचवायचं तर वरची दारं बंद करावी लागतात, तसंच हे. आईला त्या दिवशी घाम फार गेला होता, उकाड्यानं त्वचेतल्या वाहिन्याही सैलावल्या होत्या. म्हणून देठाला सावरायला जरा वेळ लागला.

भोवळ येऊन कुणी पडलंच, तर आपल्याकडं त्याला उठवून बसवतात, नाकाला कांदा लावतात. कृपा करून बसवू नका. आडवं राहू द्या, पाय थोडे वर उचला. रक्ताला मेंदूपर्यंत चढच उरत नाही. मिनिटभरात शुद्ध आली नाही, तर दवाखाना गाठा.

डोक्याच्या आतही देठाचा शब्द चालतो. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तो आपल्यापुरतं रक्त स्वतःच ओढून घेतो, हे खरं. पण देठात हजारो पेशींचा एक निळसर ठिपका आहे. त्याचे तंतू जवळजवळ सगळ्या मेंदूत पसरलेत आणि ते नॉरॲड्रेनलिन नावाचं रसायन सोडतात. त्यानं बारीक रक्तवाहिन्या आकसतात.

मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते या ठिपक्याचं रात्रीचं काम. 2025 साली उंदरांवरचं एक संशोधन प्रसिद्ध झालं. गाढ झोपेत हे नॉरॲड्रेनलिन साधारण दर मिनिटाला चढतं-उतरतं, त्यासरशी रक्तवाहिन्या आवळतात, सैलावतात, आणि त्या हालचालीनं मेंदूभोवतालचं पाणी आत ढकललं जाऊन दिवसभराचा गाळ धुतला जातो. नेहमीच्या वापरातली झोपेची एक गोळी दिल्यावर झोप लागली, पण या लाटा मंदावल्या. उंदराचं माणसाला तसंच्या तसं लागू होत नाही आणि चालू गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडूही नये. तरी गावाकडं म्हाताऱ्यांच्या उशाशी गोळ्यांची पाकिटं दिसली, की मला तो निळा ठिपका आठवतो.