मेणबत्तीची ऊब: किती मिळते, कशी घ्यावी

डिसेंबर-जानेवारीत महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी पहाटेचं दव गोठतं. अशा दिवसांत दुकानात हमखास विचारणा होते, "तुमच्या मेणबत्तीनं खोली गरम होईल का?" नाही होणार. पण जवळ बसलेल्याला ऊब नक्की मिळते.

एक मध्यम जाडीची मेणबत्ती तासाला 6-7 ग्रॅम मेण जाळते आणि साधारण 80 वॅट उष्णता देते. निवांत बसलेल्या माणसाच्या अंगातून सुमारे 100 वॅट बाहेर पडते. म्हणजे मेणबत्ती लावली, की खोलीत एक पाहुणा वाढला असं समजा. 2000 वॅटच्या हीटरची बरोबरी करायला अशा पंचवीस लागतील. तसं कृपा करून करू नका. एकच लावा, समोरच्या टेबलावर ठेवा, पायांवर गोधडी घ्या आणि हात ज्योतीच्या बाजूला वीतभर लांब धरा.

मेणबत्त्यांवर मातीची कुंडी उपडी घालायची युक्ती बरेच जण विचारतात. कुंडी तापते, पण त्यानं उष्णता वाढत नाही. उलट चार-पाच मेणबत्त्या खाली दाटीनं ठेवल्या, तर सगळं मेण पातळ होऊन एकदम पेट घेऊ शकतं. पेटलेल्या मेणावर पाणी कधीच टाकू नका, भडका उडतो. धातूचं झाकण ठेवून विझवा.

बाजारातल्या बहुतेक मेणबत्त्या पॅराफिनच्या, म्हणजे खनिज तेलापासून केलेल्या असतात. आम्ही मधमाश्यांचं मेण वापरतो. मध काढल्यावर उरलेलं पोळं वितळवून, कापडातून गाळून घेतो. हे मेण 62-64 अंशांना वितळतं. थोडंसं मेण तयार करायला माश्यांना त्याच्या कितीतरी पट मध खावा लागतो, म्हणून किंमत जास्त. मेणबत्तीवर पांढुरकी झाक आली तर ती बुरशी समजू नका. मऊ कापडानं पुसली की पिवळा रंग परत दिसतो.

पहिल्यांदा लावाल तेव्हा मेण कडेपर्यंत वितळू द्या, नाहीतर मधे खड्डा पडून वात बुडते. दर वेळी वात पाव इंच ठेवून कापा, काजळी कमी धरते. पडदे, मच्छरदाणी लांब ठेवा, झोपण्याआधी विझवा. ज्योत हवेतला प्राणवायू घेते, तेव्हा खिडकी दोन बोटं उघडी असू द्या. कोळशाची शेगडी मात्र बंद खोलीत अजिबात नको, तिच्या विषारी वायूनं झोपेतच जीव जाऊ शकतो.

उरलेले तुकडे टाकू नका. दुकानात आणून द्या, आम्ही ते वितळवून पुन्हा वापरतो.