झुरळे पाळण्याचा छंद: प्रयोगशाळेतून काचपेटीपर्यंत

सजीवांना शास्त्रीय नावे देणाऱ्या स्वीडनच्या कार्ल लिनियसने १७५८ साली एका किड्याला नाव दिले. काळेभोर अंग, गोलसर पाठ आणि पाठीवर उठून दिसणारे पांढरे ठिपके. लिनियसला तो भुंगेरा वाटला आणि त्याने त्याची रवानगी ‘कॅसिडा’ या भुंगेऱ्यांच्या गटात केली. तो निघाला झुरळ. दक्षिण भारतात झुडपी रानाच्या मातीत राहणारे हे झुरळ आज थेरिया पेटिवेरियाना या नावाने ओळखले जाते. नावातला पेटिव्हर म्हणजे जगभरातून वनस्पती आणि किडे मागवून घेणारा लंडनचा औषधविक्रेता जेम्स पेटिव्हर. ईस्ट इंडिया कंपनीचे मद्रासमधले शल्यवैद्य त्याला नमुने धाडत असत.

लिनियसला हसण्याचे कारण नाही. इतका देखणा किडा झुरळ असेल हे आजही बहुतेकांना पटत नाही. झुरळ म्हटले की मोरी, नळ, रात्री दिवा लावल्यावर उडालेली पळापळ एवढेच डोळ्यांसमोर येते. जगात झुरळांच्या सुमारे ४,६०० प्रजातींची नोंद आहे. त्यांपैकी माणसाच्या वस्तीशी संबंध येतो तो जेमतेम तिसेक प्रजातींचा, आणि खरा उपद्रव चार-पाच प्रजातींचाच. बाकीच्या सगळ्या पालापाचोळ्यात, कुजक्या लाकडात, गुहांत, वाळूत आपापला संसार करतात. ओल्याबरोबर सुके जळावे तशी त्यांची गत झाली आहे.

ही बदनामीही बरीच चुकीच्या पत्त्यांवर गेली आहे. लिनियसने ‘अमेरिकाना’ म्हटलेले मोठे तांबूस झुरळ मुळात आफ्रिकेचे. ते जहाजांतून अमेरिकेत पोहोचले. स्वयंपाकघरातल्या लहान झुरळाला त्याने १७६७ मध्ये ‘जर्मनिका’ म्हटले. त्याच्या जनुकांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार ते सुमारे २,१०० वर्षांपूर्वी दक्षिण आशियात, भारत किंवा म्यानमारच्या भागात, रानात राहणाऱ्या ब्लाटेला असाहिनाई या प्रजातीपासून वेगळे झाले. तिथून ते पश्चिम आशियात गेले आणि युरोपात शिरले ते जेमतेम पावणेतीनशे वर्षांपूर्वी. म्हणजे जर्मन म्हणवणारे हे झुरळ आपल्याच शेजारचे. युरोपच्या उत्तर टोकाच्या लॅपलंडमधल्या एका प्रजातीवर तर लिनियसने तिथल्या लोकांची वाळवलेली मासळी फस्त केल्याचा आळ घेतला. एक्टोबियस लॅपोनिकस हे तिचे आजचे नाव. एरवी ती झाडाझुडपांत आणि पाचोळ्यात राहणारी, ब्रिटनमध्येही मूळची असलेली साधी रानझुरळ आहे.

झुरळे मुद्दाम पाळायला सुरुवात केली ती हौशी लोकांनी नव्हे, शास्त्रज्ञांनी. एकोणिसाव्या शतकात कीटकांची शरीररचना शिकवायला झुरळ सोयीचे ठरले. ते मोठे, सहज मिळणारे, आणि त्याच्या अंगात फारसे काही खास नाही. नेमके हेच शिक्षकांना हवे होते. मायल आणि डेनी यांनी १८८६ मध्ये एकट्या झुरळाच्या रचनेवर आणि जीवनक्रमावर अख्खे पुस्तक लिहिले. विसाव्या शतकात प्रयोगशाळांना जिवंत झुरळे लागू लागली आणि बरण्यांमध्ये वसाहती वाढू लागल्या.

त्यातली बर्टा शारर यांची गोष्ट सांगण्यासारखी आहे. नाझी राजवटीत जर्मनी सोडून त्या पतीबरोबर अमेरिकेत आल्या. चेतापेशी संप्रेरकेही स्रवतात, ही त्या काळी अनेकांना न पटणारी गोष्ट त्यांना कीटकांत दाखवायची होती. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये दक्षिण अमेरिकेहून आलेल्या प्रयोगप्राण्यांच्या पिंजऱ्यांतून एक मोठे, सुस्त झुरळ आले होते, ते त्यांच्या हाती लागले. हे मडेरा झुरळ, आजचे रायपॅरोबिया मडेरी. पुढची कितीतरी वर्षे त्यांचे मुख्य काम याच झुरळावर चालले. शरीरातले दिवसरात्रीचे घड्याळ मेंदूच्या नेमक्या कोणत्या भागात असते याचा मागही १९६० च्या दशकात याच प्रजातीवर लागला.

दुसरे नाव लुइस रॉथ यांचे. अमेरिकी लष्कराच्या नेटिक इथल्या प्रयोगशाळेत काम करताना त्यांनी देशोदेशीची झुरळे जमवली, वाढवली, त्यांचे वर्गीकरण केले. १९६० मध्ये त्यांनी एडविन विलिस यांच्याबरोबर झुरळांच्या इतर सजीवांशी असलेल्या संबंधांवर जाडजूड ग्रंथ काढला. लष्कराला कीड मारण्यात रस होता. रॉथना किडीपेक्षा झुरळांच्या पिल्ले देण्याच्या तऱ्हांनी झपाटले, असे त्यांचे लेखन वाचताना सारखे वाटत राहते. आणि त्या तऱ्हा आहेतही तशा. कुणी अंड्यांची डबी कुठेतरी चिकटवून निघून जाते, कुणी ती पिल्ले निघेपर्यंत पोटामागे मिरवते, कुणी बाहेर काढलेली डबी पुन्हा पोटातल्या पिशवीत ओढून घेते आणि जिवंत पिल्लांना जन्म देते. डिप्लोप्टेरा पंक्टाटा याहून पुढे जाते. ती पोटातल्या पिल्लांना प्रथिनांनी भरलेले दूध पाजते. या दुधातल्या स्फटिकांची रचना २०१६ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी उलगडली, तेव्हा वर्तमानपत्रांनी ‘झुरळाचे दूध हे भावी सुपरफूड’ अशा बातम्या चालवल्या. ते दूध काढायचे कसे, हे मात्र कुणी लिहिले नाही.

आजच्या छंदात जी नावे सर्रास ऐकू येतात, त्यांतली बरीच आधी प्रयोगशाळांत रुळलेली. ब्लॅबेरस गटातली मोठी झुरळे, नॉफेटा, मडेरा आणि अर्थातच मादागास्करचे फुसफुसणारे झुरळ. हौशी लोक त्याला नुसते ‘हिसर’ म्हणतात. पंख नाहीत, लांबी पाच ते साडेसात सेंटिमीटर, नराच्या छातीवरच्या ढालीला दोन टेंगळे. आवाज तोंडातून येत नाही. पोटाच्या कडेच्या श्वासरंध्रांच्या एका जोडीतून हवा जोराने बाहेर फेकली जाते. नरांच्या झुंजीची फुसफुस वेगळी, मादीला रिझवतानाची वेगळी, हातात धरल्यावरची वेगळी. न चावणारे, संथ, हातावर शांत बसणारे आणि दोन ते पाच वर्षे जगणारे हे झुरळ शाळांच्या वर्गांत आणि प्राणिसंग्रहालयांत शिरले, आणि तिथून मुलांच्या खोल्यांत. माझ्या मते या छंदाला लोकमान्यता मिळाली ती याच एका प्रजातीमुळे.

इंग्लंडमध्ये कीटक पाळणाऱ्या हौशी लोकांची परंपरा जुनी. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात कीटकांसाठी वेगळे घर १८८१ मध्ये उघडले, हौशी कीटकप्रेमींची संस्था १९३५ ची. पुढे फक्त झुरळे पाळणाऱ्यांचाही वेगळा गट निघाला. सभासद एकमेकांना टपालाने पिल्ले आणि अंड्यांच्या डब्या पाठवत.

नंतरची लाट आली ती सरडे पाळणाऱ्यांकडून. पाळीव सरड्यांना खाऊ म्हणून रातकिडे दिले जात. ते रात्रभर किरकिरतात, वास मारतात आणि पटापट मरतात. दक्षिण अमेरिकेच्या ब्लॅप्टिका डुबिया या झुरळात यातली एकही खोड नव्हती. ते काचेवर चढू शकत नाही, मादीला उडता येत नाही, आवाज नाही आणि एका वेताला वीस-तीस पिल्ले. सरड्यासाठी आणलेला डबा काही जणांना सरड्याहून रंजक वाटू लागला. छंदात येण्याचा हा सगळ्यात वर्दळीचा रस्ता.

रानातली झुरळे शोधणे ही मात्र वेगळीच विद्या, आणि ती आली पतंग गोळा करणाऱ्यांकडून. आंबवलेले केळे, गूळ किंवा काकवी आणि थोडी दारू यांचे मिश्रण संध्याकाळी झाडाच्या बुंध्याला फासायचे आणि रात्री विजेरी घेऊन फेरी मारायची. पतंगांसाठी लावलेल्या या लेपावर झुरळे हमखास येतात. दिवसा सुटलेली साल उचलायची, दगड उलटायचे आणि, हे अगदी आवश्यक, होते तसे परत ठेवायचे. पांढऱ्या पडद्यावर दिवा लावला तर झुरळे उडत येतात, पण पुष्कळ प्रजातींत पंख फक्त नरालाच असतात. अमेरिकेच्या वाळवंटातल्या अॅरेनिव्हागा या वाळूझुरळांचे नर दिव्यावर घिरट्या घालतात. माद्या बिनपंखी, ढालीसारख्या चपट्या, वाळूखालून सरकणाऱ्या. त्या शोधायच्या तर वाळूच्या टेकडीच्या उतारावर पृष्ठभाग उचलला गेल्याची नागमोडी रेघ शोधावी लागते, मग तिथली वाळू चाळणीत घ्यायची. यांच्यातली एक प्रजाती तोंडाजवळच्या दोन फुग्यांसारख्या अवयवांनी हवेतली वाफ शोषून तहान भागवते.

सुरुवातीला उल्लेख आलेली थेरिया आता युरोप-अमेरिकेच्या काचपेट्यांतली लाडकी आहे. तिला पाळताना संयम लागतो. पेटीत माती आणि कुजकी पाने, एक बाजू ओली, दुसरी कोरडी. मादी अंड्यांच्या डब्या मातीत टाकून मोकळी होते. पिल्ले मातीतच राहतात, वर येतच नाहीत. कित्येक महिने मालक नुसत्या मातीच्या पेटीला पाणी घालत बसतो. मग ठिपकेवाली प्रौढ झुरळे वर येतात, भरदिवसा हिंडतात आणि काही महिन्यांत संपतात.

अलीकडे या छंदाचा सूर थोडा गंभीर झाला आहे. ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाउ बेटावर १९१८ मध्ये एका जहाजातून उंदीर उतरले आणि तिथले लाकूड खाणारे पॅनेस्थिया लाटा हे बिनपंखी झुरळ मुख्य बेटावरून नाहीसे झाले असे मानले गेले. २०१९ च्या मोहिमेत उंदरांचा बंदोबस्त झाला. २०२२ मध्ये सिडनी विद्यापीठाच्या एका विद्यार्थ्याने वडाच्या जातीच्या झाडाखालचा दगड उचलला आणि झुरळ समोर. जपानमध्ये २०२० साली धातूसारखी निळी चमक असलेल्या युकोरिडिया गटातल्या दोन नव्या प्रजाती जाहीर झाल्या, एक योनागुनी बेटावरची, दुसरी तोकारा बेटांवरची. २०२१ मध्ये मियाको बेटावरच्या आणखी एकीची भर पडली. सुंदर किडा म्हणजे गोळा करणाऱ्यांची झुंबड. मियाकोवरच्या प्रजातीला सरकारने तातडीने संरक्षण दिले.

नियमांचा जाच हौशी लोकांना आवडत नाही, पण त्याला कारणे आहेत. असाहिनाई हे रानझुरळ १९८६ मध्ये फ्लोरिडात सापडले आणि पाहता पाहता तिथले कायमचे रहिवासी झाले. परक्या प्रजाती आणण्यावर अनेक देशांत म्हणूनच निर्बंध आहेत. शिवाय झुरळांच्या विष्ठेची आणि कातीची अॅलर्जी १९६० च्या दशकापासून ठाऊक आहे. वर्षानुवर्षे मोठ्या वसाहती सांभाळणाऱ्यांनाही ती जडते. उलट बाजूने, भारतात २००८ साली सिंगलीला राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात परवान्याविना कीटक गोळा केल्याबद्दल दोन चेक नागरिकांना अटक झाली होती. जंगलातून किडा उचलणे म्हणजे काही रस्त्यावरचा खडा उचलणे नव्हे, हे तेव्हा बऱ्याच जणांना पहिल्यांदा कळले.

या सगळ्यात सिमांडोआ कॉन्सरफेरियम या प्रजातीची कहाणी विचित्र आहे. पश्चिम आफ्रिकेत गिनी देशातल्या एका गुहेत ती सापडली. वटवाघळांच्या विष्ठेवर जगणारी, गडद अंगाची, कडांना फिकट पट्टी. रॉथ आणि पिओतर नास्क्रेत्स्की यांनी २००४ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. तोपर्यंत रॉथ हयात नव्हते. ती गुहा पुढे खाणकामात गेली असे सांगितले जाते. आज ही प्रजाती दिसते ती हौशी लोकांच्या डब्यांत, मोजक्या मूळ झुरळांची प्रजा म्हणून. पाळणे सोपे, म्हणून ती अनेक देशांत पसरली. पण तिच्यात नवे रक्त आणायचे तर जायचे कुठे? हिसर आणि ब्लॅबेरस यांच्या बाबतीत वेगवेगळ्या प्रजाती एकाच डब्यात ठेवल्याने संकर झाले आणि आता विक्रीच्या डब्यावरचे नाव कितपत खरे यावर वाद होतात. त्यामुळे जाणकार मंडळी डब्यावर नुसते नाव लिहून थांबत नाहीत. मूळ नमुना कुठला, कुणी कधी गोळा केला, वसाहत कुणाकडून आली हे लिहितात, आणि दोन ठिकाणची झुरळे एका पेटीत घालत नाहीत.