उपाध्यक्षपदाचा उमेदवार आपलं राज्य जिंकून देतो?

अमेरिकेत निवडणूक आली की एक गणित हमखास मांडलं जातं: उपाध्यक्षपदाचा उमेदवार ज्या राज्याचा, ते राज्य पक्षाच्या खिशात. दाखलाही ठरलेला, १९६०चा. केनेडींनी टेक्सासचे लिंडन जॉन्सन सोबत घेतले, टेक्सास मिळालं आणि म्हणे त्यामुळेच व्हाइट हाऊसही. टेक्सासात जॉन्सन यांचा उपयोग झाला असेलही. तिथला फरक जेमतेम ४६ हजार मतांचा होता. पण केनेडींना एकूण ३०३ इलेक्टोरल मतं (प्रत्येक राज्याच्या वाट्याची, ज्यांवर अध्यक्ष ठरतो ती मतं) मिळाली. त्यातून टेक्सासची २४ वजा केली तरी २७९ उरतात, आणि हवी होती २६९.

खरी गंमत १९८८ची. डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार मायकेल डुकाकिस यांनीही टेक्सासचेच लॉईड बेन्ट्सेन निवडले. जॉन्सन यांच्या सोयीसाठी झालेल्या कायद्यामुळे बेन्ट्सेन एकाच दिवशी उपाध्यक्षपदासाठीही उभे होते आणि सिनेटसाठीही. टेक्सासने त्यांना सिनेटवर आरामात पाठवलं आणि डुकाकिसना मात्र सपशेल पाडलं. माणूस तोच, मतदारही तेच! वादसभेत बेन्ट्सेननी थोरल्या जॉर्ज बुश यांचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार डॅन क्वेल यांची बोलती बंद केली होती; तरी त्याच क्वेलना घेऊन बुश ४० राज्यं जिंकले.

पुढे २००४मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार जॉन एडवर्ड्स यांचं नॉर्थ कॅरोलायना पक्षाला मिळालं नाही, २०१२मध्ये रिपब्लिकन पक्षाचे पॉल रायन यांचं विस्कॉन्सिनही.